लाल पट्टीतला निरोप

"सर, माझा कोड कोणी तपासला का?"

आरोही आणि सान्वी या मैत्रिणींनी पैज लावली म्हणून सेलेस्टिनने कॉम्प्युटर लॅबमध्ये, अख्ख्या दहावीसमोर, हे विचारलं. जितेश सर हसले. "तुझा कोड तपासायचा म्हणजे आधी मलाच शिकवणी लावावी लागेल, बाई."

सेलेस्टिन दिवसभर हवेत. चौक गावच्या मच्छीमार सोसायटीचं अ‍ॅप तिने लिहिलं होतं, ते काय उगाच? आपल्याला उत्तर मिळालंच नाही, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

अ‍ॅप साधं होतं. प्रत्येक फोनला एक डिजिटल सर्टिफिकेट, म्हणजे फोनचं ओळखपत्रच. होडीच्या सर्टिफिकेटवर फक्त 'आम्ही इथे आहोत' एवढंच कळवायचं. निघा, थांबा हा हुकूम सोसायटीच्या सर्टिफिकेटवर, लाल पट्टीत.

दीड महिन्याने एका सकाळी सोसायटीने कळवलं, वारा आहे, निघू नका. गावातले वॉरेन अंकल तेव्हा आधीच समुद्रात होते. त्यांच्या बाजूला वारा जरा निवळला, म्हणून त्यांनी भावाला, जॉयला, लिहिलं, 'वारा पडला, ये.' लिहिलं मात्र चुकून हुकमाच्या रकान्यात. सगळ्यांच्या फोनवर लाल पट्टी झळकली, जणू सोसायटीचाच हुकूम. जॉय अंकल लगेच निघाले. बाकीच्यांचा चहा संपेपर्यंत वारा पुन्हा उठला, म्हणून ते वाचले.

वॉरेन परतले. जॉयची होडी नाही. सहाव्या दिवशी नुसती जाळी मिळाली.

आता वॉरेनशी गावात कोणी बोलत नव्हतं. भावाला मुद्दाम बोलावून घालवला, असं बायका मासळी वाळत घालता घालता म्हणायच्या.

सेलेस्टिनने कोड उघडला. सर्टिफिकेट सोसायटीनेच दिलंय का? होय. मुदत आहे का? आहे. बस, पुढे दार सताड उघडं. ते कशासाठी दिलंय, होडीसाठी की हुकमासाठी, हे विचारणारी ओळ तिने लिहिलीच नव्हती.

जेवताना तिने घरात सगळं सांगितलं.

"त्या कोडमधलं कोनाला कलनार हाय?" डॅडी हळूच म्हणाले. "तू गप ऱ्हा. दहावी हाय तुजी."

"लोक आपल्याशी बोलायचे न्हाय," ममा म्हणाली.

"वॉरेन अंकलशी नाही बोलत, ते चालतं?"

डॅडी भात चिवडत राहिले.

"रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सोसायटीची मीटिंग आहे," सेलेस्टिन म्हणाली. "चूक माझ्या कोडची होती, हे मी तिथे उभं राहून सांगणारे. जॉय अंकलच्या बायकोसमोर. तुम्ही नाही आलात तर एकटी जाईन."