कमरपट्ट्याची काडतुसं

बंदूक निवडायला जाताना पोरीला कोण बरोबर नेतं? पण द्वारकेला घरी ठेवणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण ठेवणं. शाळेच्या वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून तिच्या जिभेला असा काही धीर आला होता की शहरात मुक्कामाला उतरल्यावर उस्मानपुऱ्यातली आत्याच म्हणाली, "तात्या, हिला घेऊन जा बाबा. तेवढाच माझ्या कानांना इसावा."

तात्यासाहेब म्हणजे द्वारकेचे वडील, वेरूळच्या डोंगराखालच्या एका गावचे पाटील. त्यांच्यासोबत गावचा त्रिंबक धनगरही आला होता. बिबट्यानं त्याच्या मेंढ्या उचलल्या तोवर गाव हळहळलं, पण मागच्या आठवड्यात त्याच्या सांडू नावाच्या भावाचा खांदा फाडला तेव्हा गाव हादरलं. पाटलांनी धावाधाव करून परवाना मिळवला. आता रायफल घ्यायची आणि हाका घालायचा. त्रिंबक आणि त्याचे भाऊबंद डबे बडवत झाडीतून चालणार, बिबट्या त्यांच्या पुढं पळत नाल्याच्या तोंडाशी येणार, आणि तिथं तात्यासाहेब बसलेले असणार. बार लागला तर सुटका. नाही लागला, तर बिबट्या मागं फिरणार. आणि मागं असणार माणसं.

बद्रीनाथशेठच्या दुकानात दोन रायफली टेबलावर आल्या. एक देशी, तीनशे पंधरा नंबरची, साधी, एखाद्या कारकुनासारखी मान खाली घालून पडलेली. दुसरी मात्र मखमलीच्या पेटीतून निघाली आणि दुकानात जणू कोणी बडं माणूस शिरलं.

"मॅग्नम है पाटीलसाब, विलायती," बद्रीनाथशेठ कुजबुजल्यासारखं बोलले. "तीनशे पचत्तर. बिबट्या काय, हत्ती बसवते. जहागीरदारसाब पोलीस ॲक्शन के बाद हैदराबाद गेले, तेव्हापासून इथंच हाये."

तात्यासाहेबांचा चेहरा असा झाला की द्वारका बघतच राहिली. ही बंदूक त्यांना ठाऊक होती. लहानपणी डोंगरातून हिचा आवाज आला की गाव म्हणायचं, जहागीरदार खेळतायत. आणि त्या खेळात तात्यासाहेबांचे वडील, गावचे पाटील असून, अनवाणी हाका घालायचे. जहागीरदारापुढं पायताण घालायची रीत नव्हती.

त्यांनी रायफल खांद्याला लावली. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता लांब पडत होता. जहागीरदार उंच माणूस, त्याच्या हाताच्या मापानं घडवलेली चीज ती. तात्यासाहेबांनी मान ताणली, खांदा मागं ओढला आणि म्हणाले, "बसतीय बरोबर."

"तात्या, तुम्ही पाव्हण्याचा कोट घातल्यासारखे दिसताय."

"गप गं."

त्रिंबक टोपी हातात घेऊन दारातच उभा होता. तो हळूच म्हणाला, "काडतुसं मिळत्यात का पर हिची?"

बद्रीनाथशेठनं हात पसरले. "यहीच तो रोना है. परदेशी माल येणं बंद झालंय. देशी रायफलची म्हणाल तेवढी देतो, खडकीच्या कारखान्यातली, ताजी. पण हिला लागतात बुडाशी पट्टावाली. बघा." त्यांनी खणातून एक रिकामी पितळी नळी काढली. तिच्या बुडापाशी जाडसर कडं होतं. "हा पट्टा आत जाऊन अडतो, तेव्हा काडतूस नीट बसतं. नुसता नंबर जुळून भागत नाय."

"अगं बाई, काडतुसाला कमरपट्टा!" द्वारका हरखली.

"तुझ्या लग्नात घालू," तात्यासाहेब म्हणाले, आणि शेठकडं वळले, "कुठंच नाहीत?"

शेठनं डोकं खाजवलं. मग त्यांना लक्ष्मीबाई आठवल्या. त्यांचे यजमान जहागीरदाराच्या शिकारखान्याचे कारभारी होते. ते गेले, पण एक डबा घरात राहिला होता म्हणे. "कागदाचं मी बघतो," शेठ म्हणाले. "पण माल बघून घ्या."

लक्ष्मीबाईंनी डबा देवघरातून आणला. झाकण उघडलं आणि तात्यासाहेबांच्या तोंडून "वा!" असा शब्द निघून गेला. आत मूठभर काडतुसं होती, पण काय त्यांची झळाळी! जसे काही सोन्याचे मणी. प्रत्येकाला कुंकवाचं बोट लावलेलं.

"सुनेच्या दागिन्यापेक्षा जास्त जपलीयेत," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "ह्यांचा हात लागलेली एवढीच वस्तू राहिलीय."

तात्यासाहेबांनी एकेक उचलून डोळ्यांपाशी धरलं. "ह्याला म्हणतात माल! कालच कारखान्यातून आल्यासारखा."

द्वारकेनंही एक उचललं. मागच्या बाजूला, जिथं घोडा आपटतो त्या बिंदीभोवतीच्या बारीक खाचेत काहीतरी काळं रुतलं होतं. तिनं नखानं टोकरलं, बोट नाकाशी नेलं, आणि तिच्या डोळ्यांपुढं दसऱ्याआधीची घरची मोरी उभी राहिली. तांबे, ताम्हणं, समया, आणि कोपरापर्यंत माखलेले तिचे स्वतःचे हात.

"काकू, चिंच लावलीत ना?"

"मग! बायकांना बरोबर कळतं बघ," लक्ष्मीबाई फुलल्या. "दर दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर रात्रभर चिंचेच्या पाण्यात घालते, सकाळी राखेनं घासते. शस्त्रपूजेला मळकट कसं ठेवायचं?"

द्वारका गप्प बसली. ती गप्प बसली हे बघून तात्यासाहेबांना उलट काळजी वाटली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तात्या, आपल्या समईच्या आट्यांत चिंचेचं पाणी राहतं आणि मागून तिथनं हिरवं येतं. आई किती पुसते, तरी येतंच. मग ह्यांच्या आत गेलं नसेल?"

"समईत दारू भरलेली असती व्हय?"

"म्हणूनच म्हणते, एखादं उडवून बघा."

"आहेत किती? बघण्यात उडवली तर बिबट्याला काय चिंचोके मारू?"

गोष्ट खरीच अवघड होती. उडवून पाहिलेलं काडतूस खात्रीचं, पण ते संपलेलं. डब्यात उरलेलं हाताशी, पण त्याची खात्री नाही. वक्तृत्वात असल्या प्रश्नाला टाळ्या पडतात. इथं त्रिंबकचा जीव पणाला लागलेला होता. ती त्याच्याकडं वळली. "त्रिंबकमामा, हाक्यात तुम्ही असणार. तुम्ही सांगा."

त्रिंबक टोपी फिरवत राहिला. "म्या काय सांगू? पाटील म्हनतील तसं." मग थांबून जमिनीकडं बघत तो म्हणाला, "नुसता आवाजच मोठा पायजे आसंल, तर आमी हलगी आणतो की."

तात्यासाहेब एवढे लाल झाले की द्वारकेला वाटलं, आता संपलं. तरी तिनं सगळा धीर गोळा केला आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा हाक्यात असायचे तेव्हा, जहागीरदाराचं काडतूस कसलं आहे हे त्यांना कोणी विचारलं होतं का?"

रायफल आणि शेठना घेऊन चौघं शहराबाहेरच्या जुन्या दगडखाणीत गेली. बद्रीनाथशेठनं भिंतीला पत्र्याचा डबा टेकवला. तात्यासाहेबांनी मान ताणून नेम धरला.

असा धडाका झाला की खाणीतले पारवे आभाळात उधळले, त्रिंबकच्या हातातली टोपी पडली आणि डबा दिसेनासाच झाला. तात्यासाहेब दोन पावलं मागं ढकलले गेले, पण हसत होते; एखाद्या पोरासारखे, खांदा चोळत. "ऐकलंस? ऐकलंस, भाषणवाले? ही तुझी चिंच!"

द्वारकेचे कान वाजत होते आणि डोळ्यांत पाणी येऊ बघत होतं. तात्या खूश होते आणि तिला त्यांची खुशी मोडायची नव्हती. त्यातून तीच चुकली असेल तर? पण त्रिंबक टोपी झटकत होता, आणि तिला दिसलं की तो हसत नाही.

"अजून एक," ती म्हणाली.

"द्वारके!"

"अजून एकच, तात्या. बिबट्या एका बारात पडेलच असं कुठंय?"

तात्यासाहेबांनी दुसरं काडतूस घातलं. तेवढंच झळाळणारं, तेवढंच कुंकू लावलेलं. चाप ओढला.

टक्.

"उघडू नका!" शेठ ओरडले. "नळी तशीच भिंतीकडं धरा. कधी कधी उशिरानं उडतं."

तात्यासाहेब नळी धरून उभे राहिले. पारवे एकेक करून परत आले, कपारीत बसले. प्रत्येकाला तेच दिसत असावं: नाल्याचं तोंड, टक् असा आवाज, आणि मागं वळलेला बिबट्या. द्वारकेला त्यात तिनं कधी न बघितलेले आजोबाही दिसले, अनवाणी.

काडतूस उडालं नाही ते नाहीच. बरंच थांबून शेठनं ते काढून घेतलं. तात्यासाहेबांनी रायफल खाली केली, दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "लई लांब हाय हिचा दस्ता. माझ्या मापाचा नाय." मग त्रिंबककडं न बघता ते म्हणाले, "शेठ, ती देशी द्या. आणि काडतुसं जरा जास्त द्या. त्रिंबकदेखत नेम धरून बघायचाय."

त्रिंबकनं टोपी डोक्यावर घातली. दुपारपासून पहिल्यांदाच.

उरलेली काडतुसं परत करायला संध्याकाळी द्वारका एकटीच गेली. लक्ष्मीबाई ओट्यावरच वाट बघत होत्या.

"उडाली का गं?"

खोटं बोलायचं नव्हतं, आणि त्या चेहऱ्याकडं बघून सगळं सांगवतही नव्हतं. द्वारका त्यांच्याशेजारी टेकली.

"एक उडालं, काकू. काय आवाज झाला म्हणून सांगू! आमच्या तात्यांना दोन पावलं मागं ढकललं त्यानं."

"ह्यांनाही ढकलायची ती बंदूक," लक्ष्मीबाई पदरानं डोळे टिपत हसल्या. "घरी येऊन सांगायचे नाहीत. शेक मात्र मागायचे."

"दुसरं नाही उडालं. चिंचेचं पाणी आत जातं, काकू. ही आता शिकारीला कुणालाच देऊ नका, माणूस मरेल एखादं. शेठ म्हणालेत, ते येऊन आतली दारू काढून देतील. मग नुसती पितळं ठेवा, पूजेला."

लक्ष्मीबाईंनी डबा मांडीवर घेतला. एका काडतुसावरचं कुंकू अंगठ्यानं नीट करत त्यांनी विचारलं, "मग घासायला हरकत नाही ना?"

"काहीच नाही," द्वारका म्हणाली. "यंदा मी येते घासायला."