चार जोड्यांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी माशांची टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि उंचीला फुटाहून चार बोटे जास्त. माझ्यात साधारण साठ लिटर पाणी मावते. मला पाहून कुणी तोंडात बोट घालत नाही, पण माझ्यासमोर बसलेला माणूस लवकर उठतही नाही. याचा मला थोडा गर्व आहे, तो तेवढा चालवून घ्या.

माझा जन्म एका काचवाल्याच्या दुकानात झाला. तो खिडक्यांच्या काचा आणि आरसे बसवणारा माणूस होता. एकदा हाताला काम नव्हते, म्हणून त्याने उरलेल्या काचेचे पाच तुकडे कापले, त्यांच्या कडा घासून बोथट केल्या आणि सिलिकॉनने ते एकमेकांना जोडले. दोन दिवस त्याने मला कुणाला हात लावू दिला नाही. मग काठोकाठ पाणी भरून खाली वर्तमानपत्र अंथरले आणि दुसऱ्या दिवशी ते बोटांनी चाचपून पाहिले. कागद कोरडा होता. "जमलं," तो स्वतःशीच म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. पुढे वर्षभर मात्र मी फळीवर पडून होते आणि माझ्या पोटात स्क्रू, खिळे आणि त्याचा जेवणाचा डबा राहत असे.

एके दिवशी खिडकीची फुटलेली काच बदलायला सांगण्यासाठी काकू तिथे आल्या. त्यांना सगळेच काकू म्हणत, म्हणून मीही काकूच म्हणते. रस्त्यालगत तळमजल्यावर दोन खोल्यांत त्यांचे वधू-वर सूचक केंद्र होते. आतल्या खोलीत टेबल आणि फायलींचे कपाट, बाहेरच्या खोलीत वाट पाहणाऱ्या आईवडिलांसाठी खुर्च्या. हे काम आधी त्या आणि काका मिळून करत. आत काकू स्थळे जुळवत आणि बाहेर काका बसलेल्या मंडळींना बोलते करत. मग काका वारले आणि बाहेरची खोली एकदम गप्प झाली. लोक खुर्चीच्या कडेवर अवघडून बसत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहत. बोलणारे नसले तरी निदान हलणारे काहीतरी त्या खोलीत असावे, म्हणून काकूंनी मला केंद्रात नेले. म्हणजे मी थेट काकांच्या जागेवर लागले. जबाबदारी मोठी होती आणि मला तर अजून पाण्याचीसुद्धा सवय नव्हती.

माशांच्या दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे काकूंनी माझ्या तळाशी बारीक वाळू पसरली, तीन रोपे लावली, कोपऱ्यात फिल्टर बसवला आणि महिनाभर पाणी नुसते तयार होऊ दिले. इथपर्यंत सगळे शहाण्यासारखे झाले. खरी गंमत झाली ती मासे निवडताना. कोणता मासा केवढा होतो, कुणाशी त्याचे पटते, कुणाशी वाकडे, असले काही काकूंनी विचारलेच नाही. तीस वर्षे लग्ने जुळवलेली बाई ती. दुकानात गर्दी होती, पुढे येऊन त्या म्हणाल्या, "मला चार जोड्या द्या." दुकानदाराने मान डोलावली आणि दिल्या.

पहिली जोडी मधाच्या रंगाच्या गुरामीची. हे संथ मासे, पोटाखालच्या दोन लांब मिशांनी समोरच्या वस्तूला हात लावल्यासारखे चाचपत पुढे जाणारे. दुसरी जोडी पट्टेरी टायगर बार्बची. तिसरी कोरीची, जी वाळूत तोंड खुपसून दिवसभर काहीतरी शोधत असायची. चौथी जोडी निऑनची. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी चमकती रेघ आणि खाली लाल. काकू येणाऱ्या प्रत्येकाला माझ्यापुढे उभे करून सांगत, "बघा, माझ्याकडे एकटं कुणी राहत नाही." मंडळी कौतुकाने हसत. मीसुद्धा काचा चमकवत मिरवत होते.

मिरवणे दोन आठवडे टिकले. टायगर बार्ब हा खोडकर मासा. त्याचे आठ-दहा भाईबंद सोबत असले तर त्यांची दंगामस्ती आपापसात चालते आणि बाकीच्यांना जरा उसंत मिळते. दोघेच असले की ते दुसऱ्यांच्या वाटेला जातात. या दोघांनी आधी गुरामीच्या मिशा कुरतडल्या. मग निऑनच्या मागे लागले. निऑन दोघेच होते. धावायचे कुणाकडे आणि लपायचे कुणात? एका सकाळी त्यांतला एक वाळूवर आडवा पडलेला दिसला. काकूंनी त्याला जाळीने उचलले आणि आपल्या रुमालात गुंडाळले, हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे काचांनी पाहिले.

काकूंनी काय केले असेल? उरलेल्या निऑनसाठी दुसरे स्थळ शोधले. दुकानातून एकच मासा आणला आणि सोडला. तो तिसऱ्या दिवशी गेला. आता जुना निऑन फिल्टरच्या मागच्या फटीत जाऊन बसला. खाद्य टाकले तरी बाहेर येईना. त्याची निळी रेघ फिकट पडू लागली. सगळे मासे माझेच, पण खरे सांगते, त्या दिवसांत माझे सगळे लक्ष त्या एवढ्याशा फटीत अडकले होते.

काकू गिऱ्हाईक नसताना खुर्ची ओढून माझ्यापुढे बसत. एकदा काचेला कपाळ टेकवून हळूच म्हणाल्या, "तुझीही जोडी फुटली ना रे? मग आता काय उरलं म्हणा." मला फार वाईट वाटले. टाकीला रडता येत नाही, आणि आले असते तरी कुणाला कळणार होते.

काकूंची एक धाकटी नणंद त्याच गल्लीत राहायची. तिचा आणि शेजारच्या चार-पाच जणींचा संध्याकाळी बागेत फिरायला जायचा परिपाठ होता. पूर्वी काका-काकूही जात. काका गेल्यावर काकूंनी ते बंद केले. नणंद रोज साडेपाचला दारातून हाक मारायची आणि काकू रोज नवे निमित्त काढायच्या. कधी कुणाचे स्थळ यायचे असे, कधी गुडघा दुखत असे. नणंद गेल्यावर मात्र त्या नुसत्या बसून असत. बाग ही जोडीने जायची जागा, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

पुढे काकूंना माझी लाज वाटू लागली. लग्ने जुळवणाऱ्या बाईच्या दारातच मासे मरताहेत हे बरे दिसत नव्हते. त्यांनी माझ्यापुढे फायलींचा ढीग रचला. काचा हिरव्या पडल्या, रोपांची पाने कुजली. कौतुकाची टाकी दोन महिन्यांत फायली टेकवायची जागा झाली. माणसाला उतरती कळा लागायला वर्षे लागतात, माझे काम झटपट झाले.

अशात एका दुपारी तोच माशांचा दुकानदार आला. मासे विकायला नव्हे, बहिणीचे नाव नोंदवायला. काकूंनी त्याला बाहेरच्याच खोलीत बसवून प्रश्न सुरू केले. बहिणीचा स्वभाव कसा? शांत की तापट? मोठ्या घरात रमेल की लहान? कुणाशी पटतं, कशाचा त्रास होतो? अर्धा तास त्या विचारत होत्या आणि तो घाम पुसत उत्तरे देत होता. मग बोलता बोलता सवयीने त्याने एक फाईल बाजूला सारली आणि माझ्यात डोकावून पाहिले. दुसरी फाईल त्याने स्वतःच उचलली.

"काकू, फिल्टरच्या मागे एक निऑन आहे. दुसरा कुठे?"

काकूंनी सगळे सांगितले. त्याच्या जागी नवा आणला तेही सांगितले. त्याने हातातली फाईल खाली ठेवली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तुम्ही चार जोड्या मागितल्या, मी गर्दीत दिल्या. पण माझ्या बहिणीचं तुम्ही एवढं विचारलंत, या माशांचं आपल्यापैकी एकानेही काही विचारलं नाही. गुरामी जोडीने राहते. निऑन नाही राहत. तो घोळक्याचा मासा."

"मग त्याचा जोडीदार गेला म्हणून तो असा बसलाय ना?"

"जोडीदार म्हणून तो कुणा एकाला वेगळं ओळखत नाही हो. आपल्यासारखे सात-आठ जण आजूबाजूला असले की त्याची भीती जाते. जोडी नको त्याला. सोबत हवी."

काकूंनी पेन खाली ठेवले. "सोबत," त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढच्या उरलेल्या फायली उचलू लागल्या.

त्या आठवड्यात दुकानदाराने दोन्ही बार्ब परत नेले. त्याच्याकडच्या मोठ्या टाकीत त्यांचे डझनभर भाईबंद होते. माझ्या काचा घासल्या, थोडे थोडे पाणी बदलले. सगळे मासे एकदम सोडायचे नाहीत, पाण्यावर भार येतो, हे त्याने काकूंना दोनदा बजावले. आधी चार निऑन आले. पुढच्या आठवड्यात आणखी तीन, आणि त्यानंतर कोरींना त्यांच्याच जातीचे तीन सोबती. प्रत्येक वेळी माशांची पिशवी आधी माझ्या पाण्यावर तरंगत ठेवायची, आतले आणि बाहेरचे पाणी सारखे कोमट झाले की मगच मासे सोडायचे. गुरामीची जोडी मात्र होती तशीच राहिली.

पहिल्या चौघांना सोडले त्या दिवशी काकूंनी सकाळपासून कुणालाही वेळ दिली नव्हती. चौघे घाबरून एकमेकांना चिकटून फिरत होते. जुना निऑन फटीतून हलेना. दुपार झाली, काकूंचा चहा निवला. मग ते चौघे फिल्टरजवळून गेले. परत आले, परत गेले. तिसऱ्या फेरीला फटीतून एक फिकट शेपटी बाहेर आली, आणि चारांचे पाच झाले. मित्रांनो, त्या क्षणी मी फुटून पडले नाही हे काचवाल्याचे उपकार.

शेवटचे तीन निऑन आले आणि दोन दिवस गेले. जुन्या निऑनचा रंग भरला होता. काकू चष्मा लावून आठांतला जुना कोणता ते शोधत होत्या. तो त्यांना ओळखू येईना. इतक्यात दारात नणंदेची हाक आली. "वहिनी, आज तरी येताय का?"

काकूंनी चष्मा काढला. "थांबा वन्सं," त्या म्हणाल्या, "चप्पल घालते."

त्याला आता बरीच वर्षे झाली. माझ्या काचेवर ओरखडे पडलेत आणि निऑनची कितवी पिढी माझ्यात फिरते आहे ते मला सांगता येणार नाही. दुकानदाराच्या बहिणीचे जुळायला दीड वर्ष लागले, पण छान जुळले. तुमच्या घरी कधी माझ्यासारखी एखादी आली, तर मासे घेण्याआधी दुकानदाराला थांबवा आणि विचारा. हा केवढा वाढतो? कुणाला छळतो, कुणाला भितो? याला किती जणांची सोबत लागते? दिसायला गोंडस आहे म्हणून कुणालाही कुणाबरोबर कोंडू नका. आम्हाला दार नसते, त्यामुळे न पटणाऱ्याला बाहेर पडता येत नाही.

माणसांना दार असते. रोज साडेपाच वाजता काकू ते ओढून घेतात आणि बाहेर पाच-सहा बायकांचा गलका ऐकू येतो. त्यांतला काकूंचा आवाज कोणता, ते आता मलाही ओळखता येत नाही.