मंजुळाबाईच्या जबड्यातला किडा

कर्र… कर्र… कर्र…

कनेरगाव नाक्यावर, धाब्यामागच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता आणि भोंग्यातून हा आवाज थेट वाशीमच्या रस्त्यापर्यंत जात होता. आवाज माझ्या शेजारणीच्या, मंजुळाबाईच्या जबड्याचा. संतराम महाराजांनी तिच्या कानापुढे एक छोटा माइक चिकटवला होता आणि ती तोंड उघडमीट करत बसली होती.

"ऐकून राहिले ना, भक्तहो?" महाराज गरजले. "किडा हाड खाऊन राहिला! माणूस खोटं बोलंल, मशीन बोलत न्हाई!"

दोनेकशे माणसांनी हात जोडले. मला तो आवाज ओळखीचा वाटला. माझे गुडघे रोज सकाळी हेच म्हणतात. त्यांना अजून कुणी माइक लावलेला नाही, म्हणून त्यांच्यासमोर कुणी नारळ फोडत नाही.

मंजुळाचा उजवा जबडा दोन वर्षं दुखत होता. डाव्या दाढा पडल्यापासून ती सगळं उजवीकडूनच चावायची. ज्वारीची कडक भाकरी, आणि वर सुपारी. मी किती वेळा म्हटलं, "मंजुळा, दुधात कुस्करून खा." तर म्हणायची, "अक्का, कुस्करून म्हातारे खातात." तिचं वय एकाहत्तर.

महाराजांनी परातीत पाणी ओतलं, मधोमध वीट ठेवली, विटेवर तापलेला लोखंडी तुकडा. त्यावर तुपात कालवलेल्या 'दिव्य औषधा'ची चिमूट टाकली आणि वर भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं. भोकात पपईच्या देठाची नळी. नळीचं टोक मंजुळाच्या तोंडात, अंगावर घोंगडी. धूर निघाला. मंत्र झाला. मडकं उचललं, तर पाण्यावर बारीक पांढरे किडे!

"सात!" महाराज म्हणाले. "आता सांग माई, घरात भाकरी कोण करतं?"

"सून. सपना."

"अन् ज्वारी तिच्या माहेरची?"

"व्हय!" मंजुळाचे डोळे विस्फारले. "तुमाला कसं कळलं?"

सुगीचं पहिलं पोतं लेकीच्या घरी धाडायची इकडे रीतच आहे. ती आम्हाला ठाऊक, तशी महाराजांनाही ठाऊक.

"किडा त्या पोत्यातून आला," महाराजांनी निकाल दिला. "ती पोरगी घरात हाय तवर किडे येतच राहणार."

मंजुळाचा मुलगा भागवत उठून उभा राहिला. मागे वळून, सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला, "सामान बांध. उद्या माहेरी सोडतो तुला."

सपनाच्या कडेवर लेकरू होतं. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, तीच भाकरी मी बी खाते, हे लेकरू बी खातंय. आमाला काहून किडे न्हाईत?"

त्या मांडवातलं ते सगळ्यात शहाणपणाचं वाक्य. पण तिच्याजवळ माइक नव्हता.

एवढ्यात धूर माझ्या नाकात गेला आणि मी नऊ वर्षांची झाले. शिरड शहापूरचा बाजार, लुगड्याचा काष्टा घातलेली एक बाई, अशीच परात, अशीच नळी. माझ्या दाढेतून तिनं पाच किडे काढले होते. थोरल्या बहिणीचे तीनच निघाले, म्हणून वर्षभर मी तिच्यापुढे मिरवले. दाढ आठ दिवसांनी पडलीच. आणि तीच बाई दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी रिंगणीच्या काटेरी झुडपाची पिवळी फळं वेचताना दिसली होती. आम्हाला वाटलं, भाजीला नेत असेल. दोन्ही गोष्टी जोडायला मला एवढं आयुष्य लागलं.

शेजारी डॉक्टर सरिता उभी होती. आपल्याच भागातली पोरगी. जबड्याच्या सांध्याच्या झिजेवर संशोधन करते आणि दोन महिन्यांपासून गावोगाव लोकांच्या कानापुढे डॉक्टरी नळी लावून ऐकत हिंडते. मी तिच्या कानात सांगितलं, "हा वास रिंगणीच्या बियांचा आहे."

ती सरळ पुढे गेली. "महाराज, एकदा परत करा. फक्त नळी कुणाच्या तोंडात द्यायची न्हाई."

"तोंडच न्हाई तर किडा येईल कुठून?" महाराज हसले.

मंजुळाच्या कानापुढचा माइक चालूच होता. महाराजांचा प्रश्न रस्त्यापर्यंत गेला.

"तेच बघू की!" गर्दीतून कुणी ओरडलं. महाराज म्हणाले, मंत्र उतरला. पण सपनानं लेकरू भागवतच्या हातात दिलं, परातीतलं पाणी बदललं, लोखंड पुन्हा तापवून त्यावर त्याच औषधाची चिमूट टाकली आणि मडकं पालथं घातलं. थोड्या वेळानं उचललं.

अकरा किडे. तोंड एकही नाही.

"मडक्याचा जबडा दुखत होता वाटतं!" धाबेवाले मोहनसिंग म्हणाले आणि मांडव हसला.

सरितानं चिमटीत एक 'किडा' धरून दाखवला. बी तापली की फुटते, आतला वेटोळा पांढरा अंकुर उडून पाण्यात पडतो.

"मग माझा आवाज?" मंजुळानं विचारलं. तोंड उघडलं. कर्र. किडे जाऊनही आवाज होताच.

"कानापुढं बिजागरी असते, आजी. मधली गादी झिजली की हाडाला हाड घासतं." सरितानं माइक भागवतला लावला. टक्. टक्. "दुखतं का?"

"न्हाई."

"बघा. आवाज पुष्कळांचा येतो, दुखतं थोड्यांना. काहून, ते अजून पुरतं माहीत न्हाई."

"एवढं शिकून माहीत न्हाई?" महाराजांनी शेवटचा डाव टाकला.

"व्हय. म्हणून तर शोधून राहिले. आजी, झीज भरून येणार न्हाई. पण मऊ खा, शेक घ्या, सुपारी सोडा. तकलीफ बरीच कमी होईल."

महाराज संध्याकाळच्या आत गेले. परात विसरले, ती सपनानं घासून ठेवली आहे. मंजुळा आता त्याच ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाते, आणि सून वाढते. जबडा अजून कर्र म्हणतो, दुखणं निम्म्यावर आलंय. भागवत बायकोशी बोलताना अजून खाली बघतो. बघू दे थोडे दिवस.

तुमच्याकडेही कुणी येईल आणि विचारेल, घरात भाकरी कोण करतं? तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: महाराज, आधी तोंडाशिवाय करून दाखवा.