तुंदानमामाची विझलेली आग

उन्हाळ्यात दलदल पेटून धुराचे दिवस आले की आमच्या गावात दोन कामं सुरू होतात. दाराच्या फटींत ओली फडकी कोंबायची आणि आग कुणी लावली यावर भांडायचं. पहिलं काम बायका करतात, दुसरं पुरुष. दुसऱ्या कामाने आजवर एक ठिणगीसुद्धा विझलेली नाही.

त्या वर्षीही गावप्रमुखाच्या ओट्यावर माणसं खोकत बसली होती. शाळा बंद होती, नदीवरच्या होड्या बंद होत्या, समोरचं घर दिसत नव्हतं. कुणी म्हणे परगावच्या कोळ्यांनी सिगारेट टाकली, कुणी म्हणे पामतेलवाल्या कंपनीचं काम. तुंदानमामाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"कंपनीच! त्यांनी कालवा खणला तेव्हाच मी बोललो होतो, हे आपल्याला भाजून खाणार."

कोपऱ्यात त्याची भाची रेंती बुटांतली राख झटकत होती. गावाच्या आग विझवणाऱ्या पथकात ती होती आणि रात्रभर तिने पाठ टेकली नव्हती.

"मामा, तुम्ही मागच्या आठवड्यात बेजेकडची वाट जाळलीत ना?"

सगळ्या माना मामाकडे वळल्या. बेजे म्हणजे दलदलीत खणलेलं तळं. पुरात मासे त्यात उतरतात आणि पाणी ओसरलं की तिथेच अडकतात. उन्हाळ्यात तिथवर जायचं तर डोक्याइतकं उंच गवत आडवं येतं. ते जाळून वाट करायची, ही आमची आजोबा-पणजोबांपासूनची रीत.

"जाळली की. दरवर्षी जाळतो," मामा म्हणाला. "बादली घेऊन उभा होतो. पार विझवली, मग घरी आलो. आता मामालाच चोर ठरव, म्हणजे झालं."

तो खोटं बोलत नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. आमची जमीन मातीची नाही, युगानुयुगं साचलेल्या कुजक्या पाल्यापाचोळ्याची आहे. पूर्वी ती बारा महिने ओली असे. वर आग विझली की विझली. कंपनीच्या कालव्याने तिच्यातलं पाणी ओढून नेलं. आता आग खाली उतरते, मुळांमुळांतून सरपटत जाते आणि भलतीकडेच डोकं वर काढते. पथकाने हे घरोघर जाऊन सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, रेंतीला चहा पाजला होता आणि दुसऱ्या दिवशी काड्यापेटी घेऊन निघाले होते.

मामाला यंदा मासे हवेच होते. गावात तीवाह ठरला होता. मेलेल्यांच्या अस्थी वर काढून त्यांचे आत्मे खऱ्या घरी पोचवायचा हा विधी. मामाची बायको सुरी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि ती अजून वाटेतच ताटकळते आहे, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. जेवणावळीचे मासे त्याच्या वाट्याला आले होते. ताजी मरळ वाढीन, असं तो गावभर सांगत सुटला होता.

दुपारी कालव्यापलीकडच्या रबराच्या बागेत आग वर आली. मधे उरलेल्या चारदोन झाडांवर एक ओरांगउटान मादी होती, पोटाशी पिल्लू. आम्ही त्यांना काहिऊ म्हणतो. रेंतीने प्राण्यांच्या बचाव केंद्राला कळवलं आणि तिथल्या डॉक्टर हेस्ती जाळी आणि भुलीची बंदूक घेऊन धुरातूनच होडी काढून आल्या. त्यांच्या आधी सगळं गाव तिथे हजर होतं. प्रत्येकाच्या हातात फोन.

"बघ बघ, पिल्लाला कसं झाकतेय!"

"फोन खिशात घाला आणि पाईप धरा," रेंती ओरडली. "दरवर्षी आपणच लावायची आणि आपणच फोटो काढायचे. लाजा कशा वाटत नाहीत?"

डॉक्टर म्हणाल्या, आग थोपवून धरली नाही तर मला झाडापर्यंत जाता येणार नाही. पण पाणी कुठलं? कालवा कोरडा, नदीपर्यंत पाईप पुरेना. जवळ होतं ते फक्त मामाचं बेजे.

"नाही," मामा म्हणाला. "पंप लावला तर मासे चिखलात मरतील. उचलायला हात कुणाचे मोकळे आहेत? एका काहिऊसाठी मी सुरीला अजून ताटकळत ठेवू?"

"मामा, ती जळेल तिथे!"

"कंपनीकडे माग पाणी. त्यांनी पळवलंय."

इतका वेळ मामाची आई, इलाई आजी, तोंडाला पदर लावून उभी होती. ती पुढे आली.

"तुंदान, कालवा तू खणला नाहीस, हे खरं. काडी कुणाची होती?"

"आई, मी विझवली होती!"

"मग जा, बघून ये. विझली असेल तर पोरीला मीच गप्प करते. आणि नसेल, तर सुरीच्या पाहुण्यांना कुठल्या तोंडाने जेवायला वाढणार आहेस?"

मामा तणतणत निघाला. जाळलेल्या वाटेवर सगळं काळं, शांत. धूर नाही, ठिणगी नाही. बघा म्हणावं, असं ओरडायला तो वळला आणि चपलेचा तळ जमिनीला चिकटला. रबर वितळत होतं. त्याने वाकून तळहात टेकवला आणि कळवळून मागे घेतला. त्याने विझवलेली आग त्याच्याच पायाखाली जिवंत होती.

तो तिथेच उकिडवा बसला. मग हात पोटाशी धरून ओरडला, "रेंती, पंप आण गं. लवकर आण!"

बेजेचं पाणी ओढलं गेलं. चिखलात मरळ तडफडत होत्या, मामा त्यांच्याकडे न बघता पाईप धरून उभा होता. पाण्याच्या आडोशाने डॉक्टर झाडाखाली पोचल्या. मादी गुंगून जाळीत पडली, पिल्लू तिच्या केसांना घट्ट धरून. डॉक्टरांनी तिचे हात उलगडले. तळव्यांची कातडी सोलवटून निघाली होती. ज्वाळांनी नाही, तापलेल्या जमिनीवरून चालत आल्याने. मामाने ते पाहिलं, मग स्वतःच्या तळहातावरचा फोड पाहिला आणि त्याला रडू फुटलं.

मायलेकरं वाचली, पण मादीची दोन बोटं कापावी लागली. दुसऱ्या दिवशी रेंतीला राखेत एक तरणा नर मेलेला सापडला. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

तीवाहला मामाने वाढले ते खारवलेले मासे, चिखलातून जेवढे हाती लागले तेवढे. पंगतीत कुणीतरी टोमणा मारलाच, "काय रे तुंदान, ताजी मरळ कुठे गेली?"

मामा वाढता वाढता थांबला. "बेजेचं पाणी आगीवर गेलं. आग मी लावली होती." मग बायकोच्या अस्थींकडे वळून हळूच म्हणाला, "सुरी, यंदा खारटच गोड मानून घे."

 माना खाली घालून जेवणाऱ्यांत काड्यापेटीवाले बरेच होते.

पुढच्या उन्हाळ्यात मामाने कोयत्याने गवत कापून वाट केली. चार दिवसांचं काम, पाठ मोडली, शिव्या कंपनीला आणि रेंतीला सारख्याच दिल्या. तिघा-चौघांनी त्याचं पाहून कोयते उचलले. बाकीचे अजून जाळतात, आणि रेंतीचा राग अजून गेलेला नाही.

मंडळी, कालवे खणणाऱ्यांना जाब विचारायलाच हवा, त्यांना सोडू नका. पण जळत्या झाडावरून जनावर उतरवणं हे फार उशिराचं काम आहे. बोट दुसऱ्याकडे दाखवण्याआधी तोच हात एकदा आपल्या पायाखालच्या जमिनीला लावून बघा. आपली आग खरंच विझली आहे का?