त्र्यंबककाका इंजिन काढतात

त्र्यंबककाकांच्या हातांना वरवर डिझेलचा वास असे आणि त्याच्या तळाशी, देवघराच्या कोनाड्यात रेंगाळावा तसा, हळदीचा. झाशीच्या खंडेराव गेटजवळच्या आमच्या गॅरेजात चैत्राचं ऊन पत्र्याच्या भोकांतून ठिपक्याठिपक्यांनी उतरे, आणि त्या उजेडात ते हात उघड्या बॉनेटखाली असे संथ फिरत, की तापलेल्या लेकराचं अंग कुणी चाचपत आहे असं वाटावं.

मी बार्शीकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मेहुण्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, झाशीत ट्रक बंद पडला, आणि मी साऱ्या मुलखाला मराठीत शिवी हासडली. शेजारच्या गाडीखालून मराठीतच आवाज आला, "घरून एवढंच शिकून आलास होय रे?" परमुलखात आपली भाषा रागावलेली ऐकूनही डोळे भरून येतात, हे मला तेव्हा कळलं. ट्रक दुरुस्त होऊन गेला, मी काकांपाशी राहिलो. त्याला एकोणीस वर्षं झाली.

काकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी. गॅरेजात त्यांना सगळे पंडितजी म्हणत. त्यांची मराठी जुन्या पितळेची, वर हिंदीची कल्हई. इंजिन काढताना ते जुनं धोतर फाडून चिंध्या करत. डावीकडच्या वायरी-नळ्यांना हळदीत बुडवलेली चिंधी, उजवीकडच्यांना कुंकवातली. नियम एकच, आणि तो मंत्रासारखा अढळ: आधी सोडायचं, मग बांधायचं. चिंधी दिसली की ते टोक सुटलं, असं आम्ही डोळे मिटून मानायचं.

गेल्या चैत्रात गरौठ्याहून एक दांडगी सात आसनांची गाडी आली. इंजिन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. काकांचे कान तोवर जवळजवळ मिटले होते. इंदूरची लेक कधीपासून बोलावत होती. त्या सकाळी ते म्हणाले, "हे तू काढ. नीट निघालं तर मी मोकळा."

काम बिघडलं तर त्यांची लाज, आणि साधलं तर त्यांचा वियोग. अशा दोन भीतींच्या मधोमध उभा राहून मी रेडिएटर उतरवला, नळ्या सोडल्या, गिअरबॉक्स वेगळा केला, माउंटिंगचे बोल्ट काढले. पिवळ्या-तांबड्या चिंध्यांनी ते काळं धूड नवरदेवासारखं सजलं. वरच्या तुळईला टांगलेल्या चेनकप्पीची साखळी गॅरेजातल्या इकबालभाईंनी ओढायला घेतली, कडी कडीला लागली, आणि अडीच क्विंटल लोखंड सुस्कारा टाकून जागचं हललं.

काका चार बोटं ताणलेल्या साखळीवर ठेवून उभे होते. एकाएकी त्यांनी दुसरा हात वर केला. "थांब!"

"काए पंडितजी, का हो गओ?" इकबालभाई ओरडले.

"कुणीतरी त्याला धरून ठेवलंय."

मला काहीच दिसेना. सगळीकडे चिंध्या होत्या. मग मागच्या बाजूला, खोल अंधारात, हात घातला. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी अजून घट्ट आवळलेली होती, आणि तिच्यावर माझ्याच हातची हळदीची चिंधी. घाईत मी आधी बांधलं होतं, मग सोडायचं राहूनच गेलं होतं. आणखी वीतभर उचललं असतं तर पट्टी तटकन तुटून ते धूड हिसक्यानं झोका खाऊन गाडीवरच आदळलं असतं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मिशीत हसू होतं, की मला तसं वाटलं. "मुद्दाम ठेवलीस काय रे? मी जाऊ नये म्हणून?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "नाही काका. विसरलो."

"मग ठीक. विसरणारा सुधरतो. अडवणारा नाही सुधरत." त्यांनी साखळीवरून बोटं काढली, धोतराला पुसली, आणि पाठ फिरवून समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. इतक्या वर्षांत उचललेल्या इंजिनाकडे त्यांनी कधी पाठ केली नव्हती. मी पट्टी सोडली. इंजिन वर आलं, डुलत, निर्विघ्न. टपरीवरचे ते पाठमोरे खांदे एकदाही वळले नाहीत.

पुढच्या महिन्यात ते इंदूरला गेले. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. मी बोलतो, लेक त्यांच्या कानात ओरडते, आणि पलीकडून नुसतं हसणं येतं.

अजूनही साखळी ताणली, की माझा हात वर जातो आणि इकबालभाई न विचारता थांबतात. सगळं सुटलेलं असतं, मी दोनदा पाहिलेलं असतं. तरी त्या एका श्वासापुरतं लोखंड अधांतरी स्तब्ध राहतं. जवळचं माणूस आपल्याला थांबवतं. ते दूर गेलं की आपण त्याच्यासाठी थांबतो, आणि काळाच्या वाहत्या ओघातल्या या एवढ्याशा थांबण्यालाच बहुधा आठवण म्हणत असावेत.