सुईच्या टोकावर कोण?

एक सुई डोळ्यांसमोर आणा बरं. आता तिचं टोक इतकं बारीक करा, की तुमच्या एका केसाच्या रुंदीत तशी हजार टोकं शेजारी शेजारी मावतील. त्या टोकावर प्रकाश सोडा. कसला? डोळ्यांना न दिसणारा, आणि एकाच वेळी कितीतरी रंगांचा. टोकाखाली जो पदार्थ असेल, तो त्यातले आपले ठरलेले रंग गिळतो. कोणते गिळले ते पाहिलं, की पदार्थ ओळखू येतो.

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात समताचे बाबा, रविराज, हेच काम करत. पण हल्ली त्यांचा नमुना कोणताही असो, गिळलेल्या रंगांच्या आलेखात एकाच जागी एक नको असलेला उंचवटा दिसे.

बुधवारी शाळा लवकर सुटली. समताला प्रयोगशाळेच्या दाराशी सोडताना बाबा हळूच म्हणाले, "गंधारवर लक्ष ठेव. तो नमुन्यांना हात लावत असणार. आज खात्री झाली तर त्याचं या मशीनवरचं काम बंद."

गंधार पुण्याहून पीएच.डी.ला आलेला. मशीन गेलं की त्याचं संशोधनही गेलं.

"पण गंधारदादा आपल्याकडे जेवायला येतो," समता डचमध्ये म्हणाली.

"जेवतो म्हणून काय झालं? आणि मराठीत बोल."

बाबा मीटिंगला दुसऱ्या इमारतीत गेले. समता गंधारच्या मागे स्टुलावर बसली. एकदा संशय मनात शिरला की साधं खोकणंही चोरासारखं वाटतं. गंधारने मागे वळून पाहिलं, एक डबी झाकली.

"ती का लपवलीस?"

"धूळ बसू नये म्हणून झाकली गं. काय, आज पहाऱ्यावर नेमलंय वाटतं?"

समताचे कान तापले. गंधार हसला नाही. त्याने तिला पडद्याजवळ बोलावलं. "हा सोन्याचा कोरा तुकडा. ह्यावर काहीच ठेवलेलं नाही. तरी उंचवटा आहेच, बघ. म्हणजे घाण नमुन्यावर नाही, सुईवर असणार."

"मग सुई कोण बदलतं?"

"फक्त सर. आमच्या हाती देतच नाहीत."

"हे तू बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आधी स्वतःचे हात बघ."

दोघांपैकी कोणीतरी एक चुकतंय, आणि ते बाबा असू नयेत, एवढंच समताला वाटत होतं.

तेवढ्यात बाबा आले. बोचऱ्या वाऱ्यात सायकल मारून त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी खिशातून क्रीमची ट्यूब काढली, हातांना क्रीम चोळलं, ट्यूब पुन्हा खिशात ठेवली. मग त्याच बुळबुळीत बोटांनी हातमोज्यांची टोकं धरून ते चढवले, मोज्यांच्या बोटांनी चिमटा पुसला, आणि नव्या सुईची डबी उघडून चिमट्याने सुई उचलली. रोजच्या सवयीने. त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

समता मात्र बघत राहिली.

बाबांनी तिच्या कानाशी विचारलं, "काय मग? काय पाहिलंस?"

समताने बाबांच्या खिशातून ती ट्यूब काढली, सोन्याच्या एका नव्या तुकड्यावर तिळाएवढं क्रीम पुसलं, आणि तो तुकडा गंधारपुढे धरला.

"दादा," ती मराठीत म्हणाली, "आधी हे मोज. तोच उंचवटा आणखी वाढतो का बघू. बाबांच्या समोर."