मोर कुठंय?

भिंतीवर आता खालची एकच पट्टी रिकामी उरली होती, आणि तिच्यासमोर वेदांत भलंमोठं स्टेन्सिल धरून उभा होता.

"उतर गं जरा," तो म्हणाला. "हे मारून घेतो. उद्या सकाळी उद्घाटन आहे, वाळायला नको?"

अश्लेषा घाडी परांचीवरून उतरली. स्टेन्सिलमधली अक्षरं एकेक करत तिनं वाचली. संकल्पना : मा. उमंगभाऊ. सौजन्य : उमंगभाऊ मित्रमंडळ. संयोजन : वेदांत आणि मित्रपरिवार.

"माझं नाव कुठंय?"

"भाऊ भाषणात घेणार आहेत ना!"

"भाषण भिंतीवर राहतं का, वेदांतदादा?"

"आता तू सुरू नको होऊस," म्हणत त्यानं स्टेन्सिल भिंतीला टेकवलंसुद्धा.

मनवेलपाड्यातल्या नव्या बागेची ही भिंत. बाग इथले पुढारी उमंगभाऊ यांनी करवून घेतलेली, आणि चित्राचं काम अश्लेषाला दिलं होतं ते त्यांच्या कार्यकर्त्यानं, वेदांतनं. अश्लेषा राहायची फुलपाड्याला. प्राणिशास्त्रात पदवी घेऊन ती चित्रांकडे वळली होती, आणि घरी त्याबद्दल रोज काही ना काही ऐकत होती. भिंतीवर तिनं खाडी काढली होती : चिखलात मुळं वर काढून उभी तिवरं, मुळांवर चढून बसलेल्या निवट्या, म्हणजे चिखलात सरपटणारे छोटे मासे, एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेला खेकडा, वर बगळा आणि खंड्या. ती नांगी नराचीच मोठी असते, म्हणून तिनं शेजारी लहान नांग्यांची मादीही काढली होती. आता फक्त नावं लिहायची होती. कॉलेजच्या जर्नलमध्ये असतं तसं, प्रत्येक जिवापासून उजवीकडे एक सरळ रेघ आणि रेघेच्या टोकाला त्याचं नाव. बागेत येणाऱ्या मुलांना आपल्या खाडीत कोण राहतं ते कळावं, एवढाच हेतू.

आणि तिचं स्वतःचं नाव? ते तिला हौसेपोटी नको होतं. पुण्यातल्या एका प्रकाशकाला मुलांसाठी पक्षी-प्राण्यांची पुस्तकं काढायची होती. त्यांनी तिची चित्रं पाहिली, आवडली म्हणाले, आणि मग तिनंच काढलेला एक खेकडा कुठल्याशा रिसॉर्टच्या जाहिरातीत बिननावाचा सापडल्याचं सांगितलं. "तो तुमचाच कशावरून?" असं त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. दाखवायला तिच्याकडे पुरावा नव्हता. लोकांसमोर असलेलं, नावासकट एखादं मोठं काम दाखवा, मग बोलू, असं ठरलं होतं.

वसईच्या डेरिक सरांनी तिला आधीच बजावलं होतं. सरांचा जन्म रंगांत गेलेला. चर्चमधल्या मूर्तींपासून शाळांच्या भिंतींपर्यंत सगळं केलेलं. "पोरी, चित्र चांगलं काढणं हे अर्धं काम. काम घेताना पहिलं नावाचं बोल. कुठं येणार, केवढं येणार, कोण लिहिणार. आणि लिहून घे. लाज वाटली तर सांग, आमच्या म्हाताऱ्यानं विचारायला सांगितलंय." तिला ते फारच व्यवहारी वाटलं होतं. तरी तिनं वेदांतला विचारलं. "अगं, नाव येणारच," तो म्हणाला होता. कोणाचं, ते तिनं विचारलं नाही. एकक न लिहिता नुसता आकडा लिहिला की प्रयोगशाळेत गुण कापायचे. तेच तिच्याकडून इथं घडलं होतं.

स्टेन्सिलवर काळा स्प्रे फिरू लागला तशी ती त्याच्याजवळ सरकली.

"संकल्पना भाऊंची कशी?"

"म्हणजे?"

"भाऊ एकदाच आले. गाडीतूनच म्हणाले, मस्त मोठा मोर घाल, पिसारा फुलवलेला. मी घातला नाही. म्हणजे भाऊंची संकल्पना या भिंतीवर नाहीच आहे!"

वेदांत हसला. "अश्लेषा, सगळीकडे असंच लिहितात. बाकड्यांवर बघ, बसस्टॉपवर बघ. बाकडं काय भाऊंनी ठोकलंय?"

"मग सुताराचं नाव का नाही?"

"सुतार मागत नाही गं!"

हे त्यानं अगदी सहज म्हटलं. मागत नाही म्हणून नाही. इतकं साधं.

तो गेल्यावर तिनं सरांना फोन केला. रागाच्या भरात सगळं चित्रच पांढरं करून टाकते म्हणाली.

"येडी हाय का तू?" सर ओरडले. "स्वतःच्या हातानं स्वतःचा पुरावा पुसतेस? चित्र पुरं झालं का?"

"नावं राहिलीयत."

"मग ब्रश अजून तुझ्याकडे हाय. काम हातात असतं तोवरच भांडायचं. एकदा उतरलीस की भिंत त्यांची."

फोन ठेवून ती परत परांचीवर चढली. रेघा ओढल्या, एकमेकींना न छेदणाऱ्या. बगळा. खंड्या. तिवर. निवटी. खेकडा, नर. खेकडा, मादी. मग तळहाताला निळा रंग फासून तो चित्रातल्या चिखलात, निवटीच्या शेजारी, दाबला. त्या ठशापासूनही तशीच रेघ ओढली, आणि टोकाला, बाकीच्यांच्याच आकारात, नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली. भाऊंचं भाषण झालं. त्यात तिचं नाव आलं नाही. "आपल्या विभागातल्या कन्येनं" एवढंच आलं. मग मोबाइल पुढे सरसावले, आणि भाऊ मुलांना जवळ घेऊन एकेक नाव मोठ्यानं वाचू लागले.

"बगळा! खंड्या! तिवर... निवटी... खेकडा, नर... खेकडा, मादी... अश्लेषा घाडी..." ते थबकले. "हा कुठला प्राणी रे, वेदांत?"

मुलं खिदळली. वेदांतचा चेहरा उतरला. अश्लेषाला मात्र हसू आलं नाही.

ती पुढे झाली. "प्राणी नाही, भाऊ. मी आहे ती. हे चित्र मी काढलंय."

"अरे वा! छान, छान," भाऊ लगेच सावरले. "ये, फोटोत ये."

ती फोटोत उभी राहिली, हाताच्या ठशाशेजारी, नाव झाकणार नाही अशा बेतानं. वेदांत मागून कुजबुजला, "लागलं ना नाव? आता हस तरी."

"अर्धंच झालंय," ती म्हणाली, आणि कुजबुजत नाही म्हणाली. तिनं खालच्या काळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "भाऊ, इथं संकल्पना तुमची लिहिलीय. तुम्ही मला मोर काढायला सांगितला होता. या चित्रात मोर कुठंय, ते दाखवा."

मोबाइल अजून चालूच होते. भाऊंनी वेदांतकडे पाहिलं, वेदांतनं जमिनीकडे. मुलांना वाटलं, हा खेळच आहे. सगळी मुलं भिंतीला नाकं लावून, तिवरांच्या मुळांत, चिखलात, बगळ्याच्या पायांशी, मोर शोधू लागली.